मोजून घेतलेली मजुरी

फोन कौसाक्काच्या घरमालकाच्या सुनेचा होता. "काकू, तुमच्या आक्का उठंनात," एवढंच ती म्हणाली. मी अंगावरची साडी बदलली, रिक्षा केली. वाटेत रिक्षावाला नळाला किती दिवसांनी पाणी आलं ते सांगत होता आणि मी हो हो म्हणत होते. खोलीत कौसाक्का कुशीवर झोपली होती, उशाखाली हात घेऊन. खिडकीत चिमण्यांसाठी ठेवलेलं पाणी तसंच होतं. मग विहारातली माणसं आली, बुद्धवंदना झाली, आणि दुपार कलायच्या आत सगळं आटोपलं. ऑफिसातले काही जुने लोक आले होते. आमची ओळख ऑफिसातलीच, असं धरून ते बोलत होते. मी कारकून, ती शिपाई, दोघी एका दालनात… पण आमची ओळख त्याच्या फार आधीची. लातूर जिल्हा होण्याच्याही आधीची.

तो मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी मॅट्रिकला होते. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होतो आणि जिल्ह्याचं ठिकाण आम्हाला मुंबईइतकंच लांब होतं. माझ्या वडलांचं, अप्पांचं, गावात किराणा दुकान. आम्ही लिंगायत, व्यापारावर जगणारी माणसं; हातात कधी कुदळ धरलेली नाही. पण घेणारंच कुणी उरलं नाही तेव्हा दुकानाच्या फळ्या लावून टाकाव्या लागल्या. अप्पांना दमा. आईच्या, अव्वाच्या, कडेवर धाकटं. शाळा सुरू होती, पण पोरं येत नव्हती. एक दिवस मीच म्हणाले, मी जाते तलावाच्या कामावर. अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. अव्वानं माझ्या डोक्यावरून पदर नीट केला, नको म्हणाली नाही.

गावाबाहेर पाझर तलाव चालला होता. तिथं गेल्यावर कळलं की एकट्या माणसाला काम मिळत नाही. मजुरी दिवसावर नव्हती, खोदलेल्या मातीवर होती. खड्डा आखून द्यायचे, आठवड्यानं टेप लावून मोजायचे, जेवढी माती निघाली तेवढी मजुरी. एकानं खोदायचं, दुसऱ्यानं पाटीनं माती बांधावर नेऊन टाकायची. म्हणजे जोडी लागायची. सगळ्या जोड्या नवरा-बायकोच्या नाहीतर भावाभावांच्या. कच्चं माणूस कुणी सोबत घ्यायचं नाही, कारण त्याच्यापायी आपला खड्डा उथळ राहणार. ह्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. मोजणीनं माणसं तशी केली होती. मुकादम मला म्हणाला, "जोडी कुठाय? एकटीला खड्डा मिळत न्हाई. जा घरी."

मागून आवाज आला, "ही माज्या जोडीला हाय."

ती कौसाक्का. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं मजबूत. आमच्याच गावची, बौद्धवाड्यातली. मी तिला लांबून पाहिलं होतं, बोलले कधीच नव्हते. तिचा नवरा हैदराबादला कामाला जातो म्हणून पेरणीच्या आधी गेला होता आणि त्याची काही खबर नव्हती. तिला विधवा म्हणता येत नव्हतं, सवाष्णही म्हणता येत नव्हतं, आणि जोडी नाही म्हणून तीही माझ्यासारखीच कामाच्या रांगेबाहेर उभी होती, दोन दिवसांपासून. मुकादमानं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. काय विचार केला असेल ते मला तेव्हाही कळलं. पण त्यानं नावं घेतली.

ती खोदायची, मी पाटी उचलायची. पहिल्या आठवड्यात माझ्या डोक्यावरचे केस चुंबळीखाली निघून आले. मला मोजणीचा राग यायचा. दिवसभर मरमर करून संध्याकाळी खड्ड्यात डोकावलं की वाटायचं, एवढंच? कौसाक्काला मात्र ती मोजणी लई आवडायची. मोजणीच्या दिवशी ती तोंड धुऊन, पदर खोचून खड्ड्याच्या काठाला उभी राहायची. एकदा मी चिडून विचारलं, की त्यात एवढं काय आहे? कुदळ बाजूला ठेवून ती काठावर बसली आणि तिनं मला तिच्या आईचं सांगितलं. आई-बाप गावकीची कामं वर्षभर करायचे. त्याची मजुरी सुगीला, खळ्यावर. तीही मालकाच्या मर्जीनं. आईनं पदर पसरायचा आणि वरून धान्य टाकायचं, हात लागू नये म्हणून. कधी टोपलंभर, कधी ओंजळभर. का कमी, असं विचारायचं नाही. धम्म घेतल्यावर तिच्या वडलांनी खळ्यावर जायचं बंद केलं. काम करतो, पण मजुरी आधी ठरवा आणि हातात द्या, म्हणाले. गावानं कामच सांगणं बंद केलं. "तरोट्याच्या भाजीवर काढलं आमी ते वरीस," ती म्हणाली. "पर बा गेला न्हाई खळ्यावर. टेपाला जात कळत न्हाई, सुमे. म्हून मला टेप आवडतो."

कामावर पाण्याचं एक पिंप होतं. कौसाक्का त्याला हात लावायची नाही, कुणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून थांबायची. सरकारी पिंप, सरकारी काम, पण गाव तेच होतं. एके दिवशी उन्हात मी तिला तशी उभी पाहिली आणि मग्गा घेऊन तिच्या हातात दिला. ती प्यायली, त्याच मग्ग्यानं मी प्याले. "घरी सांगू नको," ती म्हणाली. मी सांगितलं. अव्वा दोन-तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. अप्पा मात्र खोकता खोकता म्हणाले, "एका खड्ड्यात उतरल्याव मग राहिलं काय?"

उन्हाळ्याच्या अखेरीस मला ताप भरला. आठवडाभर मी अंथरुणावर. टेपाला जात कळत नव्हती, पण तापही कळत नव्हता. मी नाही म्हणजे तिची जोडी तुटली. मुकादम दुसरी बाई देतो म्हणाला. तिनं घेतली नाही. स्वतः खोदायची, स्वतःच पाटी भरून वर न्यायची. मजुरी मिळाली त्या संध्याकाळी ती आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं अर्धे पैसे अप्पांपुढं केले. अप्पा म्हणाले, "अगं, पोर आलीच नव्हती कामाला."

"खड्डा दोघींच्या नावावर हाय, अप्पा. सगळं मी कसं घेऊ?"

अप्पांनी पैसे घेतले. घरात पीठ नव्हतं… नको म्हणायची ऐपत नव्हती आमची. अव्वा उठली आणि तिनं कौसाक्काला घरात येऊन बस म्हटलं. ती बसली नाही. "उशीर व्हतोय," म्हणून गेली. नंतरच्या आयुष्यात मी पगाराचे, भत्त्याचे, फरकाचे कितीतरी पैसे घेतले. कशावर काय मिळतं याचे नियम पाठ झाले. आजारी माणसाची अर्धी मजुरी त्याच्या दारात नेऊन द्यायचा नियम कुठं वाचला नाही.

पाऊस आला, कामं बंद झाली. मी मॅट्रिक झाले, नांदेडला मामाकडं राहून टायपिंग शिकले, लग्न झालं. कौसाक्का गाव सोडून गेल्याचं अव्वाकडून कळलं. कुठं गेली ते कुणाला माहीत नव्हतं. मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी ऑफिसं निघाली, माणसं भरायला सुरुवात झाली, त्यात मला कारकुनी मिळाली. आमच्या कचेरीची इमारत अजून अर्धीच उभी होती. खालच्या मजल्यावर फायली आणि वर विटांचं काम. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी जिन्याशी उभी होते आणि डोक्यावर विटा घेतलेली एक बाई मान ताठ ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. "सुमे?" ती म्हणाली. विटा खाली ठेवायला वेळ लागला तिला. नंतर आम्ही दोघी तिथल्या वाळूच्या ढिगावर बसलो आणि बराच वेळ नुसत्या हसत होतो.

तिथं तिला दिवसाची मजुरी होती. गड्याला जेवढी, त्याहून कमी. ह्यावरून ती ठेकेदाराच्या माणसाशी भांडली होती. "त्याला म्हनलं, तेवढंच वजन, तोच जिना. मग कमी कामून? तो म्हनतो, बायांचा रेट हाच हाय." आणि मग मला कोपरानं ढोसून, "टेप बरा व्हता गं. त्याला बाई-गडी बी कळत नव्हतं."

इमारत पुरी झाली तेव्हा मी साहेबांना सांगितलं आणि तिला पाणी द्यायला, झाडलोट करायला रोजंदारीवर घेतलं. काही महिने झाले की मधेच एक-दोन दिवस घरी बसवायचे, म्हणजे सलग नोकरी दिसू नये. अशी कित्येक वर्षं गेली. लोकांसमोर ती मला "म्याडम" म्हणायची आणि गेटाबाहेर पडलं की "सुमे." शेवटी ती कायम झाली. पहिला महिन्याचा पगार घेऊन दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "म्याडम, आईतवारचे बी पैसे दिलेत. चुकून तर न्हाई?" मी समजावलं की महिन्याच्या पगारात सुट्टीही धरलेली असते. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळी गेटाबाहेर म्हणाली, "काम न करता पैसे देतेत म्हंजी आपण घरी बसलो तरी हाव, असं मानतेत."

ती त्या पगारानं सुखी झाली, असं लिहिलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. झाली ती काही वर्षं. तिनं भाड्याची खोली बदलली, पत्र्याची जाऊन स्लॅबची. पण एकदा साहेब दौऱ्यावर असताना बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "तितं सांजच्याला खड्ड्याकडं बगितलं की दिसायचं, आज काय केलं. हितं मी दिवसभर पाणी देते, फायली नेते. दिसत काईच न्हाई." माझ्या टेबलावरचंही तेच होतं. तलावावर आम्हाला एकमेकींशिवाय मजुरीच मिळाली नसती. इथं प्रत्येकीच्या नावावर वेगळा पगार, वेगळं खातं, आणि कुणाला कुणाची गरज नाही. महिन्याचा पगार हे माणसाला मिळालेलं मोठं सुख आहे, पण तो एकट्यानं घ्यायचा असतो.

तिच्या पगाराची बातमी कुठून कशी गेली कोण जाणे. एका सकाळी कचेरीच्या गेटावर एक वाकलेला माणूस आला आणि कौसाबाईचा मालक म्हणून उभा राहिला. हैदराबादहून आला होता. तिथं दुसरं घर केलं होतं, ते सुटलं होतं, आता हात चालत नव्हते. कौसाक्का बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं त्याला समोरच्या हॉटेलात नेलं, पुरी-भाजी खाऊ घातली, तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. परत आली ती थेट माठ भरायला गेली. मी विचारलं, काय झालं? "म्हनला, ऱ्हाऊ का तुज्याकडं. मी म्हनलं, माती उचलायला कुणी नव्हतं तवा आला न्हाईस. आता पगार उचलायला कामून?" त्याला तिकिटाचे पैसे देऊन तिनं एस.टी. स्टँडवर पाठवलं होतं. त्या दिवशी ऑफिस सुटायच्या आधीच ती रजा न मागता निघून गेली, जे तिनं कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं, ती स्टँडवर गेली होती. सगळे फलाट फिरली. तो गेला होता.

"आणायला गेली होतीस का?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," ती म्हणाली. "दिसला असता तर कळलं असतं."

पुढं आधी ती, मग काही वर्षांनी मी, दोघी रिटायर झालो. माझे हे गेले, मुलगा नोकरीपायी लांब गेला. रविवारी कौसाक्का माझ्याकडं यायची. आम्ही शेंगा फोडत बसायचो. शेवटच्या खेपेला जिना चढताना तिला धाप लागली. डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर म्हणाली, "पुडच्या आईतवारी बगू." त्या रविवारपर्यंत ती राहिली नाही.

घरमालक भला माणूस आहे. खोली रिकामी करायची घाई नाही, म्हणाला. पण शिकवणीची मुलं गावोगावहून येतात, खोल्या विचारतात, हेही म्हणाला. मी हळूहळू सामान आवरलं. थोडी भांडी विहारात दिली, लुगडी वाटली. शेवटच्या दिवशी झाडून घेत होते तेव्हा देवणीकडची एक मुलगी वडलांबरोबर खोली बघायला आली. दहावी झालेली, दोन वेण्या. खिडकी उघडून तिनं बाहेर बघितलं, वारा येतो का ते पाहिलं. मग मला विचारलं, "आजी, इथं कोण राहत होतं?"

"एक बाई होत्या. कचेरीत नोकरीला होत्या."

"त्यांचं कोण आहे मग? हे सगळं तुम्हीच आवरायलात…"

"मी आहे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पलंग कुठं ठेवायचा ते ती वडलांना दाखवायला लागली. ते गेल्यावर मी त्या मोकळ्या फरशीवर भिंतीला टेकून बसले. घरमालकानं खालून किल्ली मागितली. उद्या देते म्हणाले, ती अजून दिलेली नाही. ती मुलगी पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे, तोपर्यंत दुपारी जाऊन मी कुलूप काढते, थोडा वेळ बसते, खिडकीतल्या चिमण्यांच्या वाडग्यात पाणी घालते आणि परत कुलूप लावून घरी येते.