बाभुळगावचा चार पायांचा देवमासा

ताईचा फोन आला, "तान्हा पोळा आला. बाबाच्या देवमाशाचा रंग पुरा उडाला. त्याईनं देल्ला तसाच द्याचा आहे. तू येऊन जाय, तुले आठवते." बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच पोळा. मी बॅग भरली.

पुण्याहून ट्रॅव्हल्सनं यवतमाळ गाठलं. स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले (तर्री बेताने घ्या, मी बेताने घेतली नाही आणि भोगलं). पुढे बाभुळगावची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंना कपाशी अशी हिरवीगार की तक्रार करावीशी वाटत नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत घरोघर फिरतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवतात. बाबा शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. कच्छमध्ये जुन्या देवमाशांची हाडं सापडली आणि ते कधीकाळी चार पायांवर चालत, हे त्यांनी पेपरात वाचलं अन् आमच्यासाठी नंदीऐवजी सागवानाचा तसाच देवमासा केला. लांब तोंड, आखूड पाय, जाड शेपूट. लोक म्हणाले, "मास्तर, याले वशिंड कुठी आहे?" बाबा म्हणाले, "बैलाच्या सांगाड्यात तरी वशिंड दिसते का? उद्या कोनी आपला बैल खनून काढला, तर सपाट पाठीचाच बनवन!" आणि पुढच्या वर्षी खुशाल त्याला वशिंड बसवलं. जगात वशिंडाचा देवमासा फक्त आमच्याकडेच असावा.

मी अन् ताई अंगणात पॉलिशपेपर घेऊन बसलो.

"निळा होता," ताई म्हणाली.

"राखाडी, ताई. माह्या डोयापुढं आहे."

घासत गेलो तर आधी निळा निघाला. त्याखाली राखाडी. त्याखाली तपकिरी, मग चक्क हिरवा. पुरण वाटता वाटता आई हसली, "थे दरसाली नवा रंग देत. म्हनत, हाडं सापडले, कातडं कुठं सापडलं? एखांद्या साली तरी बरोबर लागंन."

शेवटी ताईच्या नातीला विचारलं. तिनं पिवळा सांगितला, वर लाल ठिपके. दुसऱ्या दिवशी तो गावभर फिरला आणि भरपूर बोजारा घेऊन आला. मला मात्र बाबांची फार आठवण आली.

पुण्यात परतले आणि एक नवीनच चुटपुट लागली. बाबांचे फोटो आहेत, चष्मा आहे, ब्रश आहेत. आवाज कुठेच नाही. फोन हातात असून कधी रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही. परवा फोनवर, बाबा मला हाक मारायचे तशी हाक मी ताईला मारून दाखवली. "असे नोयते म्हनत, जाड आवाज होता," ती म्हणाली. आमचं पुन्हा जुंपलं. तेवढ्यात आईनं तिच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "मंजेऽऽ, चाल बरं, जेवून घे."

हुबेहूब.

मी पुण्यात, ओट्यासमोर उभी. तोंडातून निघून गेलं, "आली, बाबा."