अर्ध्या लिटरचे अप्पा

दुसऱ्याला पाणी प्यायला लावायचं आणि ते कसं लागलं हे त्याच्याकडून बारकाईनं वदवून घ्यायचं, हा अप्पांचा आवडता उद्योग. उदगीरहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसत. मी रोज कॉलेजात शिकवायला जायचो, ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला. मी बाटली तोंडाला लावली की प्रश्न आलाच, "सर, गार हाय का? घशात कुठवर गार लागतंय?" मी "ठीक आहे" म्हणालो की ते चिडत. "नीट प्या. तुमचं ध्यान न्हाई पिण्यात."

अप्पांचं किराणा दुकान होतं. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर डॉक्टरांनी चहा, ताक, आमटी सगळं धरून दिवसाला अर्धा लिटर एवढंच ठरवून दिलं. जास्त झालं की छातीत पाणी साचून दम लागायचा. एकदा तसं होऊन ते अगदी मरणाच्या दारातून परत आले होते. मग त्यांनी बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या. गोळ्या, जेवण, चहा आणि सगळ्यात खाली 'पाहुणे'. "घरी आलेल्यासंगं दोन घोट घ्यावे लागतात. आपण नुसतं बघत बसलं तर त्याला चहा गोड लागत न्हाई."

अशा माणसापुढे मी दर खेपेला रडगाणं गायचो. बस उशिरा आली, चहा पांचट झाला, नळाला आज पाणी नाही. अप्पा मन लावून ऐकत. "चालू द्या सर. तुमचं ऐकलं की मला माझं लई बरं वाटतंय."

त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. शिवलीलाचं, त्यांच्या एकुलत्या पोरीचं लग्न डोळ्यांनी बघायचं. लातूरजवळच्या मुरुडला सोयरीक जमली तेव्हा ते मलाच सोबत घेऊन गेले. आजाराचं त्यांनी व्याह्यांना आधीच सांगितलं होतं, पण त्यांच्या भावकीला ते कुठलं ठाऊक. घरोघरी चहा आणि "घोटभर तरी घ्या"चा आग्रह. अप्पा कप ओठाला टेकवत, "वा" म्हणत, आणि यजमानाची नजर वळली की भरला कप माझ्यापुढं सरकवून माझा रिकामा स्वतःकडं ओढत. सात घरांत मी चौदा कप प्यालो. आठव्या घरी दोन संपवले, तोच नवऱ्या मुलाची आजी सुनेला म्हणाली, "सर लई चहाबाज दिसायलेत. त्यान्ला आनखी एक आन."

परतताना मी पट्टा सैल करून बसलो. अप्पांनी गंभीरपणे विचारलं, "सतरात कोनता चांगला होता?"

"तिसऱ्या घरचा," मी खरं ते सांगितलं. "आलं बरोबर पडलं होतं."

"हाव. आता शिकायलाव तुम्ही."

लग्न मे महिन्यात झालं. मांडवात वऱ्हाडी सरबतावर सरबत ढोसत होते आणि अप्पांची बाटली दुपारीच तळाला गेली. पोरीची पाठवणी करताना ते ढसाढसा रडले. मग उपरण्यानं डोळे पुसत माझ्या कानाशी आले. "डॉक्टरला फोन लावा. म्हणावं, डोळ्यांतनं एवढं गेलंय, तेवढं पिऊ का?"

मी खरंच लावला. डॉक्टरांनी आधी दम लागतोय का ते विचारलं. मग म्हणाले, "दोन घोट द्या."

अप्पांनी एकच घेतला. "दुसरा राहू द्या. पोरगी मांडवपरतणीला माहेरी येईल, तिच्या हातनं घेतो."

चौथ्या दिवशी ती आली आणि तिनं तो घोट दिला. अप्पांनी तो तोंडात धरून ठेवला, गिळायला तयारच होईनात. गाल फुगवून बसलेल्या बापाकडं बघून पोरगी हसली, आम्हीही हसलो.

दिवाळीच्या आधी अप्पा गेले. त्यांना माती देऊन मी घरी आलो, अंघोळ केली. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो सगळा प्यालो, कुणालाही न विचारता. हवं तेवढं पाणी पिता येतं याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि तेव्हाच रडू फुटलं. रडता रडता मी दुसरा तांब्या मागितला.