एकशे चोवीसचं झाकण

आमची आत्या आयुष्यभर झाकणंच करत आली. बरण्या काचेच्या, त्या दुसऱ्या कारखान्यातून येतात. आमच्याकडे फक्त त्यांची मातीची झाकणं होतात. ओला गोळा चाकावर चढवायचा, मापाचं झाकण घडवायचं, वाळवायचं आणि भट्टीत भाजायचं. सव्वीस वर्षं तिने हेच केलं आणि त्याचा तिला चांगलाच गर्व होता. "भांडं कुणीही करेल, झाकण बसावं लागतं," हे ती येताजाता ऐकवायची. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला, त्यामुळे मला ते दिवसातून दोनदा ऐकावं लागे.

वाळताना, भाजताना माती आटते. आमची जुनी माती दहा टक्के आटायची. त्यावर कारखान्याचा नियम सोपा होता: जेवढं आटतं तेवढं वाढवून करायचं. बरणीचं तोंड शंभर मिलिमीटर, म्हणून ओलं झाकण एकशे दहा. भाजून ते नव्याण्णव भरायचं, शंभर कधीच नाही. पण झाकणाला तेवढी ढिलाई लागतेच, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं सुखाने नांदली आणि कुणाला तिचा पत्ताही लागला नाही.

मग जुनी खाण बंद पडली आणि नवी पांढरी माती आली. ही वीस टक्के आटते, असं कळल्यावर सुपरवायझरने फळ्यावरचं एकशे दहा पुसून एकशे वीस लिहिलं. पहिली खेप भाजून निघाली आणि झाकणं बरण्यांत पडायला लागली. बरणीच्या तोंडाला आतून एक अरुंद कड असते, तिच्यावर झाकण टेकतं. ही झाकणं एका बाजूला जराशी सरकली की दुसरी बाजू सरळ आत.

भट्टी ठीक होती, माती ठीक होती, माप तर फळ्यावरच होतं. उरला आत्याचा हात. "वय झालं की हात सैल पडतो, त्यात तुमचा काही दोष नाही," सुपरवायझर अगदी अदबीने म्हणाला. "पुढच्या सोमवारपासून पॅकिंगला बसा." संध्याकाळी चहा ओतताना आत्या किटलीकडे न बघता स्वतःच्या बोटांकडे बघत होती, आणि मला भीती वाटली. चाक सुटलं तर ही बाई खचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन मोजत बसली होती. फळीवरची ओली पंचवीस झाकणं मोजली, सगळी एकशे वीस. भाजलेली पंचवीस मोजली, सगळी शहाण्णव. सुपरवायझर आल्या आल्या तिने त्याला गाठलं.

"हात सैल असता तर एखादं चौऱ्याण्णव निघालं असतं, एखादं अठ्ठ्याण्णव. सगळी शहाण्णव कशी? हात बरोबर आहे साहेब, चुकलंय ते तुमचं माप."

"वीस टक्के आटतं, वीस टक्के वाढवलं. यात चूक कसली?"

"वीस टक्के कशाचे? वाढवलेत शंभराचे, म्हणजे वीस. आटतात एकशे वीसचे, म्हणजे चोवीस. खाली येताना मोठ्याचे टक्के, वर जाताना लहानाचे. सारखे कसे होतील?"

खिशातून पेन काढून त्याने हातावरच आकडेमोड केली. माणूस हुशार, हे कबूल करायला हवं. "एकशे पंचवीस," तो म्हणाला. "वीस टक्के गेले की बरोबर शंभर."

"शंभर नको. एकशे चोवीस."

"गणित पंचवीस सांगतंय."

"गणिताला झाकण उघडावं लागत नाही."

आता दोघंही हट्टाला पेटले. शेवटी ठरलं, बारा झाकणं त्याच्या मापाची, बारा तिच्या, चाचणीच्या छोट्या भट्टीत एकत्र. वाळून, भाजून, गार होऊन बाहेर यायला शनिवार उजाडला. सोमवार दोन दिवसांवर होता. मला दोन घास गेले नाहीत. आत्या मात्र डबा संपवून आली.

त्याची बारा झाकणं नेमकी शंभर भरली. पहिलं बसवताना त्याला तळव्याने दाबावं लागलं, आणि मग ते निघेना. आम्ही तिघांनी ओढून पाहिलं, बरणी फुटायची वेळ आली. आत्याचं झाकण तिने नुसतं वर ठेवून सोडलं. ते आपलं आपण बसलं, आणि दोन बोटांनी उचललं तर अलगद निघालं. बाराच्या बारा तशीच.

"मी उगाच तुमच्या हाताला दोष दिला," सुपरवायझर म्हणाला. "चाक तुमचंच."

"ते राहू दे. आधी फळा पुसा."

तो फळा पुसायला वळला, तशी आत्या माझ्याजवळ सरकली. तिने माझं मनगट धरलं आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मोजेपर्यंत मलाही खरंच वाटत होतं गं, हात गेला म्हणून."

मग पदर खोचून ती चाकावर जाऊन बसली.