सात नंबरचा झगा

रफूवाल्या मावशींना अख्खी गल्ली ओळखायची, आणि मावशी अख्ख्या गल्लीला कपड्यांवरून ओळखायच्या. कोण ऑफिसात टेबलावर कोपरं टेकून झोपा काढतो, कोण बायकोपासून लपवून सिगरेट ओढतो, सगळं त्यांना बाही आणि खिसा बघून कळायचं. पण तोंडातून चकार शब्द निघेल तर शपथ. धंद्याची इभ्रत म्हणून काही असतं की नाही?

शहरापासून तासाभराच्या अंतरावर टेकडीवर चारशे वर्षं जुना कॅथलिक मठ होता. तिथल्या धर्मबंधूंचे फाटके झगे दर पंधरवड्याला टेम्पोने मावशींकडे यायचे. झग्यावर नाव नसायचं, कॉलरच्या आत नुसता नंबर शिवलेला. तीस वर्षांत मावशींनी त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. तरी बावीस नंबर डावखुरा आहे आणि अकरा नंबरकडे मेणबत्त्यांचं काम आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सात नंबरचा झगा कायम गुडघ्यांवर विरलेला असायचा. "हा माणूस मनापासून प्रार्थना करतो," मावशी सुनेला सांगायच्या. "बाकीचे हजेरी लावतात." नवरा गेला त्या वर्षी कशातच मन लागेना, तेव्हा त्या दोन गुडघ्यांच्या रफूवरच त्यांनी दिवस काढले होते.

आणि गेले चार महिने सात नंबरचा झगा आला नव्हता.

टेम्पोवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, मी गाठोडी उचलतो, माणसं मोजत नाही." फोन करावा, तर विचारायचं काय? तुमचा सात नंबर आहे की गेला? मावशींना जेवण गोड लागेना. शेवटी एका रविवारी त्या सुनेला म्हणाल्या, "चल, मठ बघून येऊ." सून चाटच पडली. सासूबाई दुकान बंद ठेवून फिरायला निघाल्याचं तिने लग्नापासून पाहिलं नव्हतं.

मठ होताही बघण्यासारखा. दाराशी बसलेल्या एका वयस्क ब्रदरांनी दोघींना आत नेलं आणि हळू आवाजात सगळं दाखवलं. चौकाभोवती कमानींची ओसरी, मधे विहीर, पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेल्या दगडी पायऱ्या. सून कमानींचे फोटो काढत सुटली. मावशींची नजर मात्र चर्चमधल्या वेदीवरच्या कापडावर खिळली. हात न लावता त्यांनी वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात रफू होतं, सांगूनही कुणाला दिसू नये असं.

"दीडशे वर्षं झाली त्याला," ब्रदर म्हणाले. "आमच्यातल्याच कुणीतरी केलंय. नाव कुठे लिहिलेलं नाही."

मावशींनी हात जोडले. देवाला जोडले की त्या कारागिराला, ते सुनेला कळलं नाही.

मागे दफनभूमी होती. साधे लाकडी क्रूस, प्रत्येकावर नाव. नावं वाचून मावशींना काय कळणार? त्यांना ठाऊक ते फक्त नंबर. शेवटच्या क्रूसाखालची माती अजून ताजी होती.

"ब्रदर, यांच्या झग्याचा नंबर काय होता हो?"

ब्रदर बघतच राहिले. "तीन. नव्वदी ओलांडली होती. का?"

बिचाऱ्या तीन नंबरसाठी वाईट वाटण्याआधी मावशींना हायसं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली. "आणि सात नंबर?" त्यांनी विचारलं.

आता ब्रदरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे रफू करणाऱ्या बाई तुम्हीच?" असं म्हणून ते दोघींना ओसरीच्या टोकाला घेऊन गेले. तिथे उन्हात, चाकांच्या खुर्चीत, एक हडकुळे म्हातारे धर्मबंधू बसले होते. चार महिन्यांपूर्वी पडले आणि कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून गुडघे टेकणं बंद झालं होतं. झग्याचे गुडघे धड होते. बाह्या मात्र चाकांत अडकून फाटल्या होत्या, आणि जाड दोऱ्याने कशातरी शिवल्या होत्या.

ते बघून मावशींचा पाराच चढला. नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला. "कुणी केलं हे धसमुसळं काम? माझ्याकडे का नाही पाठवलं?"

"मीच केलं," म्हातारे ओशाळून म्हणाले. "गेल्या वर्षापासून तुमचे टाके तिरके यायला लागले. तीस वर्षांत कधी आले नव्हते. म्हटलं, बाईंचे डोळे थकले. माझे गुडघे आता त्यांना त्रास देणार नाहीत, तर बाह्यांचा तरी कशाला द्यायचा? रोज तुमच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करतो. बसूनच करतो, काय करणार."

वर्षभर मावशींनी जे सुनेपासून लपवलं, गिऱ्हाइकांपासून लपवलं, स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही, ते या माणसाने इथे बसून टाक्यांत वाचलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"झगा काढून द्या," पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या. "तोवर दुसरा घाला." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "आणि तू मला उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चल."