पन्नी न फोडता दिलेला निकाल

जुन्या सिनेमाची डिस्क घ्यावी की नाही, हे विचारायला नंदुरबारात लोक माझ्याकडे येतात. आता कमी येतात, पण येतात. मीही हातचं राखून बोलत नाही. कुठल्या कंपनीच्या डिस्कचे रंग उडालेले असतात, कोण गाणी गाळतं, कोण टीव्हीवरचीच प्रत उतरवून वर चकचकीत खोकं चढवतं, सगळं सांगतो. एका डिस्कबद्दलचं खरं मात्र मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. सुनंदापाशीही नाही. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिला तर वाटतं, त्या डिस्कपायी माझं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालंच नाही.

तुम्हाला का सांगतोय? धड माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल.

आम्ही मूळचे कोरीटचे. शेती थोरला भाऊ बघतो, मी इथे सरकारी कचेरीत कारकून. पान नाही, तंबाखू नाही, नाद एकच — जुने सिनेमे. दोन कपाटं भरून डिस्क आहेत घरात. सुनंदा त्यांना माझी दुसरी बायको म्हणते, आणि दिवाळीची साफसफाई आली की त्या दुसरीला तीच पुसते. फेसबुकवर माझं एक पान आहे. जुन्या सिनेमाची नवी डिस्क निघाली की मी तिथे निकाल देतो — ‘घ्या’, ‘थांबा’ किंवा ‘नका घेऊ’. शहादा, तळोदा, पार धुळ्यापर्यंतची माणसं तो वाचून मग पैसे टाकतात. टाकायची, म्हणू या.

आता इथेच थोडं अडखळायला होतं — कारण या निकालांची एक गंमत आहे. गंमत कसली, लबाडीच. मी सगळ्या डिस्क बघत नसे. संग्रह करणाऱ्यांचं एक खूळ असतं, वरची पन्नी फोडायची नाही. पन्नीतली डिस्क कोरी, कोरीला मान. मग निकाल कसा द्यायचा? खोक्याच्या पाठीवरून. कंपनी कोणती, प्रत कुठून घेतलीय, आणि मुख्य म्हणजे लांबी किती. सिनेमा लागला तेव्हाची जुनी जाहिरातपत्रकं मी जमवली आहेत, त्यांत मूळ लांबी असते. खोक्यावरची लांबी त्याहून कमी भरली की समजायचं, कात्री लागली. निकाल — ‘नका घेऊ’. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. बहुतेक वेळा.

रशीदचाचा ठाऊक नसतील तुम्हाला. आमच्या भागातल्या एका बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. ते वाजवायला लागले की डावीकडे मान कलायची, गाल फुगायचे, आणि नवरदेवाचा घोडासुद्धा जरा शिस्तीत चालायचा. माझ्या लग्नात तेच होते. बँड सुटला तरी त्यांची एक गोष्ट सुटली नव्हती. ते तरणे असताना एका सिनेमाचं युनिट तोरणमाळला आलं होतं. तळ्याकाठी मेळा उभा केला, आणि त्या मेळ्यात वाजवायला चाचांचा बँड घाट चढवून वर नेला. लाल कोट घातले. चाचा सगळ्यांत पुढे, आणि हिरो त्यांना जवळजवळ खेटून गेला.

ही गोष्ट नंदुरबारात कुणी ऐकली नव्हती असं नाही, आणि कुणी मानली होती असंही नाही. कारण तो सिनेमा इथल्या थिएटरात कधी लागला नाही, आणि टीव्हीवर यायचा तेव्हा त्यात मेळाच नसायचा. तळं दिसायचं, हिरो दिसायचा, मेळा गायब. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, चाचा, हिरोचा फोन आला का आज? चाचाही हसायचे. पण त्यांचा मुलगा सलीम — गाड्यांची सीट-कव्हरं शिवतो, कष्टाळू माणूस — तो हसत नसे. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले आणि चाचांनी सिनेमा काढला, तेव्हा सलीमने त्यांना सगळ्यांदेखत गप्प केलं. हे मला चाचांनीच सांगितलं. बाकी गाव काय, गाव हसतंच, असं म्हणाले. पोटच्या पोराने आपल्याला खोटं धरलं, ते त्यांना लागलं होतं.

आणि मग त्या सिनेमाची डिस्क निघाली. खोक्यावर लिहिलेलं — संपूर्ण आवृत्ती.

चाचा टपरीवर मला गाठून बसले. डिस्क लावायचं मशीन सलीमच्या घरी होतं, मागवायची कशी तेवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाले, “भाऊ, ती डिस्क लेवानी का नही, इतलंच सांग. मन्हा मेळा त्यामा शे का?”

डिस्क माझ्याकडे येऊन पडलेली होती. पन्नीत. खोक्याच्या पाठीवरची लांबी मी बघितली होती — मूळ लांबीपेक्षा सहा-सात मिनिटं कमी. मेळा साधारण तेवढाच असणार, नाही का? हिशेब चोख बसत होता. पानावर मी आदल्याच दिवशी लिहून टाकलं होतं, संपूर्ण म्हणतात पण कापलेली आहे, नका घेऊ. मी चाचांना म्हणालो, घेऊ नका, मेळा नाही त्यात. मी स्वतः पाहिलीय.

स्वतः पाहिलीय. हे शब्द माझे. खोक्यावरून म्हणतो, असं म्हणता आलं असतं. घरी जाऊन पन्नी फोडून उद्या सांगतो, असंही म्हणता आलं असतं. काय बिघडत होतं? पण भोवती पाच-सात माणसं कप हातात धरून थांबली होती, आणि मला निकाल द्यायची हौस. एवढ्यावरही थांबलो नाही मी. वर म्हणालो, मेळा मुळात होता की नाही कोण जाणे. सगळे हसले. चाचांनी कप खाली ठेवला आणि बरं म्हणाले. बरं, एवढंच.

आजवर पोरं थट्टा करत होती, त्या दिवशी जाणकाराने सांगितलं. दोन्हींत फार फरक असतो हो. त्यानंतर टपरीवर कुणी हिरोचं विचारेना. चाचाही ती गोष्ट सांगेनासे झाले. माझ्या कानावर आलं तेव्हा मला वाटलं — हे लिहितानाही लाज वाटतेय — मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याचं एक खूळ सुटलं.

पन्नी फोडली ती पुढच्या उन्हाळ्यात. चाचांसाठी नव्हे. त्याच कंपनीची दुसरी डिस्क आली होती आणि मला रंग ताडून बघायचे होते. सुट्टीची दुपार, सुनंदा माहेरी गेलेली. बघता बघता तळं आलं, आणि तळ्यापाठोपाठ मेळा आला.

ते होते. लाल कोट, डावीकडे कललेली मान, फुगलेले गाल. पंचविशीचे असतील. हिरो त्यांना घासून जातो आणि ते वाजवता वाजवता डोळ्यांनी त्याच्याकडे बघतात, तेही दिसतं. मी चित्र थांबवलं. आधी आनंद झाला, खरंच झाला, हसूच आलं मला. आणि लगेच भीती वाटली.

कापलेलं काहीच नव्हतं. थिएटरात फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं चालते, काही डिस्कवर ती पंचवीस चालवतात. सिनेमा तोच, फक्त किंचित पळतो आणि थोडा लवकर संपतो. आवाजही अंमळ चढा लागतो. हे मला नंतर शोधून वाचल्यावर कळलं. जिल्हाभर डिस्क पारखणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं.

मग उठून चाचांकडे जायचं होतं ना? चार गल्ल्यांवर तर घर. निदान डिस्क गुपचूप सलीमच्या दुकानात ठेवून यायची होती. हो, यायची होती. पण तळोद्याच्या एका वाचनालयात माझं व्याख्यान ठरलेलं होतं — जुने सिनेमे पारखावे कसे. शाल, श्रीफळ, सगळं. त्याआधी कसं सांगायचं, की मी न पाहताच पाहिली म्हणालो? व्याख्यान झालं, शाल आली. मग म्हटलं, पावसाळा होऊ दे. मग दिवाळी. डिस्क कपाटात मागच्या रांगेत गेली, आणि बाजारातली संपली. कंपनीने पुन्हा काढली नाही.

आणि चाचांची साखर वाढत गेली. सुरतेला डोळ्यांचं काहीतरी करून आणलं, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा धूसर. मला सगळं कळत होतं. नंदुरबार केवढंसं? एकदा भाजीबाजारात मी समोर उभा राहिलो तर ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. बोललो तेव्हा ओळखलं. माझा हात हातात घेतला, थोडं थोडं दिसतं अजून म्हणाले. थोडं थोडं. मोठ्या टीव्हीपुढे जवळ बसवलं असतं तर त्या दिवशीही लाल कोट दिसला असता त्यांना. मी मेथी घेऊन घरी आलो.

तुम्हाला वाटेल, शेवटी मन खाऊ लागलं म्हणून मी गेलो. तसं असतं तर बरं झालं असतं. मी गेलो तो भीतीपोटी. धुळ्याच्या एका माणसाने माझ्या पानावर लिहिलं, या सिनेमाची पूर्ण प्रत लवकरच इंटरनेटवर येतेय, मेळ्याचं दृश्य अप्रतिम आहे. म्हणजे आता कुणीही ते चाचांना दाखवणार, आणि कुणीतरी माझा जुना निकाल उकरून काढणार. मी आधी तो निकाल पानावरून पुसला. मग कपाटातून डिस्क काढली. हा क्रम लक्षात ठेवा.

सलीमच्या घरी सगळे जमले. ही दुसरीच, न कापलेली प्रत असणार, असं सगळ्यांनी आपणच धरलं होतं. चाचांना खुर्ची दिली, टीव्हीच्या अगदी समोर. तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. मेळा आला, आणि सलीमच्या तोंडून नुसतं अब्बा निघालं. तो खाली बसला आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडला. घरातल्या बायका पडद्याकडे बघत होत्या. चाचा काही बघत नव्हते, ते क्लॅरिनेट ऐकत होते. मग मला म्हणाले, “माले दिखस नही भाऊ. तू सांग, कोट लालच शे ना?”

मी सांगितलं. कोट लाल आहे, मान डावीकडे आहे, हिरो मागून येतोय, तुम्ही त्याच्याकडे बघताय. पुन्हा लावायला सांगितलं त्यांनी, पुन्हा सांगितलं. चांगलं सांगितलं मी, सिनेमाचं मला चांगलं सांगता येतं.

आता टपरीवर माझं नाव निघतं ते वेगळ्या तऱ्हेने. भाऊने चाचांसाठी डिस्क शोधून काढली. मी त्यावर पानावर एक लेखही लिहिला, तोरणमाळच्या मेळ्यातला वादक म्हणून. माझ्या इतर कुठल्याच लिखाणाला एवढे वाचक मिळाले नाहीत. सुनंदाने तो तिच्या सगळ्या बहिणींना पाठवला. चाचा आजही आहेत. कुणी भेटायला आलं की मला बोलावणं येतं, आणि मी जातो, शेजारी बसतो, कोट लाल आहे असं सांगतो.

पण सगळ्यांत वाईट ते अजून सांगायचंय. त्या पहिल्या दिवशी, टीव्ही बंद झाल्यावर, चाचांनी मला विचारलं होतं, “ही डिस्क तुले कवय भेटनी?”

विचारण्यात काही संशय नव्हता. कधी मिळाली, एवढंच नुसतं विचारलं. इतकी वर्षं जी वेळ मी टाळत होतो ती स्वतःहून समोर आली होती, एक वाक्य बोलायचं होतं. सलीम माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “काल्दिन. काल्दिनच पार्सल उनं.” कालच आलं म्हणे.

“दख सलीम,” चाचा म्हणाले. “इतला वरीस हाऊ मन्हाकरता धुंडी ऱ्हायना व्हता. यानी माले खरा करा.” आणि माझ्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला. त्यांना दिसत नव्हतं, हात हवेतच चाचपडत राहिला. मी थोडा खाली वाकलो, तो नीट पोचावा म्हणून.