मुक्ताच्या शिवणवर्गातल्या बाई

वारज्याच्या शिवणवर्गातल्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. शिकायला अवघड जाणाऱ्या मुलामुलींना त्या पिशव्या शिवायला शिकवायच्या. मुलांशी बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा, सावकाश. आम्हा पालकांशी मात्र एकदाच आणि तुटक.

मुक्ता एकोणीस वर्षांची झाली तरी घरी आम्ही तिच्या हातात सुरीसुद्धा देत नव्हतो. तिच्यासाठी मी आयटीतली नोकरी सोडली होती आणि वर्गातही तिच्या शेजारीच बसायचे. एके सकाळी बाईंनी तिच्यापुढे कापड पसरलं आणि मोठी कात्री तिला दिली. मी झटकन उठले.

"अहो, तिला लागेल!"

"लागलं तर पट्टी आहे. आपण बसा."

खडूच्या रेघेवर मुक्ताची कात्री अडखळली, तेव्हा बाईंनी कापडाचं टोक ताणून धरलं. त्यांची बोटं पात्यांच्या अगदी जवळ होती, पण त्यांनी ती मागे घेतली नाहीत. मुक्ताने कापड शेवटपर्यंत कापलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तू घरी जा ना."

"ऐकलंत ना?" बाई म्हणाल्या.

मी बाहेर पडले, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि कितीतरी वर्षांनी तो निवांत, गरम असतानाच प्यायले.