वाकडी ज्वारी आणि उषाताईंची साखळी

उषाताईंचा फोन दुरुस्त होऊन माझ्या हातात आला आणि त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. विसरवाडीच्या चौफुलीवरच्या दुकानात मी उभा होतो, मागे ट्रकांचे हॉर्न चाललेले. पलीकडून उषाताईंची जुनी विद्यार्थिनी सरिता म्हणाली, "तात्या, बाई गेल्या. सकाळीच." मी नुसतं "बरं" म्हणालो. बरं काय त्यात? पण तोंडातून तेवढंच निघालं. दुकानदारानं नवी काच फडक्यानं पुसून दाखवली, मी पैसे दिले आणि दोन फोन दोन खिशांत घालून बाकड्यावर बसून राहिलो... चारच दिवसांपूर्वी चिंचपाड्याच्या दवाखान्यात उषाताईंनी त्यांचा फोन माझ्याकडे दिला होता. जुना दमा उलटला होता, दोन शब्दांच्या मध्ये त्यांना थांबावं लागत होतं, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नव्हती. "तलाठी, एवढा फोन नीट करी आन. सोमवारे मन्हा क्लास शे." मी म्हणालो, "क्लास राहू द्या हो ताई, आधी उठा." तर म्हणाल्या, "मी उठसू. पन सोमवार काय मन्हाकरता थांबाव नही." सोमवार आला, त्या शनिवारीच गेल्या होत्या.

आमची ओळख पंचवीस वर्षांची. मी नवापूर तालुक्यात तलाठी होतो आणि त्या डोंगराकडच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. माहेर शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीचं, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर परत माहेरी जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी विसरवाडीत एक खोली घेतली आणि राहिल्या. वर्गात शुद्ध मराठी, माझ्याशी मात्र कायम अहिराणी. मी कितीही वेळा नाव सांगितलं तरी त्यांच्या लेखी मी 'तलाठी'च. निवृत्तीनंतर माणसं देवळाला लागतात, नातवंडांना लागतात, मी नुसता पेपर वाचून चिडण्याला लागलो होतो. उषाताई साठाव्या वर्षी ब्लॉकचेन शिकायला लागल्या.

मला वाटलं, बाई कुठल्यातरी भामट्याच्या नादी लागल्या. कारण हा शब्द मी ऐकला होता तो दाम दुप्पट करून देणाऱ्यांच्या तोंडी. खोलीत रेंज मिळत नसे म्हणून त्या चौफुलीवरच्या चहाच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसायच्या, कानात वायर, पुढ्यात वही. ऑनलाइन वर्ग इंग्रजीत, शिकवणारे कुठले कोण. ड्रायव्हर लोक वाकून बघायचे. एकदा वहीवरचा मथळा वाचून मी विचारलं, हे सिस्टिम थिंकिंग म्हणजे काय प्रकरण? त्यांनी कानातली वायर काढली आणि म्हणाल्या, "एक झाड देखीसन जंगलना हिशोब करानं नही. आख्खं गाव एकदम देखानं. कोनतं कशाले बांधेल शे, ते." मग वहीत गोल काढले, बाण काढले. या बाणानं त्या गोलाला ढकललं की तिसऱ्याचं काय होतं... मी चहा पीत बसलो. तेव्हा त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही, हे कबूल करतो.

वह्यांचा खेळ मात्र शिरला. डोंगरातल्या एका पाड्यावर चर्चची फरसबंद ओसरी आहे. सरिता त्याच पाड्यावरची सून, अर्धं वर्ष नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणारी. तिनं नऊ बायका जमवल्या. बाईंनी नऊ जणींना नऊ वह्या दिल्या. एक जण बोलणार, नऊही वह्यांत तेच लिहायचं. पान संपलं की त्यावरची अक्षरं मोजून आकडा काढायचा आणि तोच आकडा पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायचा. कुणी मागं जाऊन एक अक्षर फिरवलं की आकडा जुळत नाही आणि पुढची सगळी पानं बोंब मारतात. मी आयुष्य दप्तरात काढलेला माणूस. घरी एक वही नेली, एक पान नवं लिहिलं, अक्षरं मोजून मापून बरोबर तितकीच बसवली आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत त्यांच्यापुढे टाकली. बाईंनी पाहिली, खूश झाल्या. "शाब्बास! आते उरेल आठ घरमा जाय आनि तठेबी असंच करी ये." मी वही परत उचलली. "हाईच ते ब्लॉकचेन, तलाठी. संगणक फक्त मोजाना कटाया वाचाडस."

हे सगळं कशासाठी, तर बियाण्यासाठी. डोंगरात घराघरांत जुनं बियाणं असायचं, ते विरत चाललं होतं. त्यातली एक वाकडी ज्वारी. तांबूस दाण्याची, कणीस मान मोडल्यासारखं खाली लोंबतं, त्यामुळे पाखरांना बसायला जागाच मिळत नाही. ती उरली होती फक्त सरिताच्या सासूकडे, मोगीबाईकडे, वाळक्या भोपळ्याच्या एका तुंब्यात राख कालवून ठेवलेली. एक घर, एक तुंबा. त्या घरात एका पावसाळ्यात कीड लागली की ज्वारी संपली. मोगीबाई कुणाला द्यायला तयार नव्हती आणि तिचंही खरं होतं. पूर्वी एक गृहस्थ गाडीतून आले, गोड बोलून घरोघरचं मूठमूठ बी घेऊन गेले आणि पुढे ते आपणच शोधलं म्हणून मिरवू लागले. बाईंचं म्हणणं असं की बी कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद अशा जागी ठेवू की ती कुणाला फिरवता येणार नाही, मग देणारीचा हात मोकळा होईल. त्यांची आणखी एक विद्यार्थिनी सुरतेला संगणकाचं काम करते, तिनं फोनवर चालेल असं सगळं बांधून दिलं. पहिल्या नोंदी भरायचं काम माझ्याकडे आलं. लिहिण्यात माझा हात धरणारा कोण होता?

आणि मी माती खाल्ली. ओसरीवर सगळ्यांसमोर सरितानं फोनवरून नोंदी वाचल्या. वाकड्या ज्वारीची पाळी आली. 'राखणदार' म्हणून मी मोगीबाईच्या नवऱ्याचं नाव घातलं होतं. तो बिचारा दहा वर्षांपूर्वी वारला होता. वारसनोंद व्हायची राहिली होती, सातबारावर अजून तोच होता, आणि मी घरात कुणाला न विचारता सातबारावरून नावं उतरवली होती. एकच नाही, सगळ्याच नोंदींत पुरुष. मोगीबाई आधी हसली. मग तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. सरितानं खाली बघत त्याचं मराठी केलं: "मेलेला माणूस बी कसं राखतो, असं विचारते." मी म्हणालो, खोडून टाकू. तेव्हा बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं... खोडता येत नाही म्हणून तर एवढा खटाटोप केलेला. मोगीबाईनं देण्यासाठी आणलेला तुंबा परत काखेत मारला आणि उतारानं घरी निघून गेली. एवढ्या दिवसांची मेहनत माझ्या एका सवयीनं पाण्यात गेली.

बाई मला रागावतील असं वाटलं होतं. परतताना त्या उतारावर दम खायला थांबल्या. मग म्हणाल्या, "तू एकलाच चुकना नही. मी बी कागदच देखा, घर देखं नही." दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर जाऊन चुलीजवळ बसू लागल्या, मला बरोबर घेऊन. मी दारात. विचारायचं एकच, हे बी या घरात कसं आलं? आणि प्रत्येक घरी उत्तर एकच मिळालं: मी आणलं. लेक सासरी निघाली की आई तिच्या पदरात माहेरचं मूठभर बी बांधते, हा तिकडचा रिवाज. म्हणजे बी शेताच्या वाटेनं चालत नव्हतं, लेकींच्या वाटेनं चालत होतं. बाईंनी वहीत बाण काढले आणि सगळे पाडे एकमेकांना जोडले गेले. माझ्या नोंदींत मात्र बी आकाशातून पडल्यासारखं होतं, कारण नवऱ्यांची नावं जोडून साखळी होतच नव्हती. तीस वर्षं त्या गावांत हिंडलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली, खरंच वाटली. मोगीबाईची अडचणही तेव्हा कळली. तिला लेक नाही, एकच मुलगा. वाकडी ज्वारी पदरात बांधून न्यायला कुणी नव्हतंच.

मोगीबाईकडे जायला मी घाबरत होतो. बाई गेल्या, अंगणात बसल्या आणि सरळ सांगितलं की चूक आमची, ती पुसता येणार नाही, काय करायचं ते तुम्हीच सांगा. मोगीबाईनं बांगड्या मागे सारल्या. मग हात पुढे केला. मनगटावर विंचू गोंदलेला होता, लहानपणी गोंदताना ती हलली म्हणून त्याची नांगी बिघडलेली, आणि शेजारीच दुसरा, नीट. सरिता म्हणाली, "गोंदण पुसत नाहीत म्हणते. बाजूला दुसरं काढतात." बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू! त्या वर्गांत इतके दिवस इंग्रजीत जे ऐकलं होतं, ते एका मनगटावर बघायला मिळालं. त्या संध्याकाळी वरच्या ओळीखाली नवी ओळ गेली: 'वर जिवंत बाईऐवजी मेलेल्या माणसाचं नाव लिहिलं आहे. चूक तलाठ्याची. बी मोगीबाईकडे आहे, तिला तिच्या आईकडून मिळालं.' म्हणजे माझी फजिती आता जन्मोजन्मी वाचता येईल. सगळ्या नोंदी अशाच सुधारल्या आणि दोन नवे नियम झाले. बी उगवलेलं तीन बायकांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नव्या राखणदाराचं नाव चढवायचं नाही. आणि राखणदार वारली तर त्याच तिघींनी मिळून पुढची ओळ लिहायची. दुसरा नियम बाईंनी आग्रहानं घालून घेतला. मी चेष्टेनं म्हणालो, "एवढी कसली घाई?" म्हणाल्या, "मरानं काय सांगीसन येस का?"

...त्या गेल्यावर ब्राह्मणपुरीहून भाची आली, खोली आवरायला मी मदतीला गेलो. सामान ते कितीसं. फळीवर दूध पावडरीचा जुना डबा होता. उघडला तर राख, आणि राखेत तांबूस दाणे. मी फोन काढून नोंदींची साखळी पाहिली. मोगीबाईच्या नावाखाली एक ओळ होती, मला कधी कुणी न सांगितलेली: 'मोगीबाईकडून लेक उषाकडे.' मागच्या पावसाळ्यात त्यांनी खोलीमागच्या हातभर जागेत ती पेरली होती, तिघी येऊन बघून गेल्या होत्या. मला वाटलं होतं, बाईंना बागकामाचा नाद लागलाय. कणसं बघायला सुद्धा मी वाकलो नव्हतो. तो डबा धरून मी भाचीसमोर रडलो. मी रडणाऱ्यातला नाही.

डबा घेऊन मी पाड्यावर गेलो, मोगीबाईला परत द्यायला. तिनं हात लावला नाही. लेकीला दिलेलं परत घेत नाहीत, ते पुढंच जातं, असं सरिताकडून कळवलं. मग? मग काय, जाऊन पेर, म्हणाली. उभ्या आयुष्यात मी इतरांच्या पिकांच्या पाहण्या केल्या, स्वतः एक दाणा लावला नव्हता. घरामागे कुदळ मारली, हाताला फोड आले, कोंबड्या हाकलल्या. आठव्या दिवशी हिरवं टोक दिसलं तेव्हा शेजाऱ्याला हाक मारून दाखवलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

गेल्या सोमवारी त्याच तिघी, मोगीबाई, सरिता आणि पाड्यावरची आणखी एक बाई, बसनं विसरवाडीत उतरल्या आणि माझ्या घरामागे येऊन उभ्या राहिल्या. ज्वारी आता गुडघ्याइतकी झालीय. मान ताठ आहे, वाकायला अवकाश आहे. मोगीबाईनं एक पान दोन बोटांत धरून पाहिलं, रोपं जास्त दाट लावली म्हणून मला बोलली. तेवढ्यात घरात उषाताईंचा फोन वाजायला लागला. क्लासची आठवण त्यांनी लावून ठेवली होती, दर सोमवारी चार वाजता, ती मी अजून बंद केलेली नाही. आम्ही चौघंही तो थांबेपर्यंत दाराकडे बघत राहिलो. मग सरितानं साखळी उघडली. शेवटची ओळ 'लेक उषा' अशीच होती. तिच्याखाली नवी ओळ घ्यायची आणि राखणदार म्हणून कुणाचं नाव लिहायचं, असं तिनं सासूला विचारलं. माझ्या त्या चुकीनंतर पुरुषाचं नाव साखळीत कधी चढलेलं नव्हतं.

मोगीबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मातीनं भरलेले पाय, हातावरचे फोड. मग सरिताला उद्देशून, पण मला कळावं म्हणून मोडक्या मराठीत म्हणाली, "हा जिता हाय. याचं लिव्ह."